हनुवटीपाशी थांबलेला पैलवान

सौंदर्या सकाळच्या एसटीत बसली की ती जागी आहे की झोपली आहे, हे तिचं तिलाही सांगता येत नसे. डोळे उघडे असायचे. खिडकीबाहेर धुक्यातून ऊस मागं मागं सरकत असायचा, मधेच एखादं गुऱ्हाळ धूर सोडत उभं दिसायचं, आणि मन कुठल्या कुठं गेलेलं असायचं. कंडक्टर तिच्या मांडीवरच्या पर्सवर तिकीट ठेवून पुढं जाई. एखाद्या दिवशी मलकापूरचा स्टँड मागं पडून गाडी आंबा घाटाच्या वाटेला लागे आणि मागच्या सीटवरची एखादी बाई ओरडे, "ओ मॅडम, तुमचं कॉलेज मागं ऱ्हायलं की!" मग सौंदर्या शांतपणे उठायची, खाली उतरायची आणि रस्त्याच्या कडेनं उलटी चालत यायची. राग नाही, घाई नाही. मलकापूरच्या ज्युनियर कॉलेजात ती अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवत होती, आणि पोरं तिला पाठीमागं 'तंद्री मॅडम' म्हणत. तिला ते ठाऊक होतं. नाव चुकीचं आहे असं तिला कधी वाटलं नाही.

कोल्हापुरात तिचा नवरा वीरेश याचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. तो पक्का व्यवहारी माणूस. "हिला नेऊन पंचगंगेत सोडली तरी ही पाण्याकडं बघत बसंल, पोहायचं विसरंल," असं तो पाहुण्यांसमोर म्हणायचा आणि स्वतःच मोठ्यानं हसायचा. सौंदर्याही हसायची. तंद्री हा तिचा जुना स्वभाव होता, आणि तो कुठून आला हेही तिला माहीत होतं. तो कबनूरहून आला होता.

कबनूरला तिच्या वडिलांचे, नागाप्पांचे, घरामागच्या शेडमध्ये चार यंत्रमाग होते. सौंदर्या जन्मली तेव्हाही ते चालू होते. पोर रडायला लागलं की तिची आई रत्नव्वा तिला शेडच्या भिंतीशी झोळीत घालायची आणि सुताच्या कांड्या भरायला बसायची. खडाक-खडाक, खडाक-खडाक. भिंत थरथरायची, झोळी थरथरायची, त्या थरथरीत पोर गाढ झोपायचं. माग थांबले की मात्र ते दचकून उठायचं. लाइट गेली की सगळ्या गल्लीतली पोरं एकदम रडायला लागायची, असं रत्नव्वा सांगायची. सौंदर्याला स्वप्नं पडायची तीसुद्धा त्या तालावर. मोठी झाल्यावर कोल्हापूरच्या शांत फ्लॅटमध्ये तिला पहिले काही महिने झोप येईना, म्हणून वीरेशनं उशाशी एक जुना खडखडणारा पंखा आणून ठेवला होता.

मागात तिला सगळ्यांत जास्त आवडायचा तो धोटा. नावेच्या आकाराचं गुळगुळीत लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, पोटात सुताची कांडी. एका बाजूचा दांडा त्याला फटका मारायचा, धोटा उभ्या सुताच्या मधून सुसाट पळत पलीकडच्या पेटीत शिरायचा, तिथं चामड्याच्या पट्ट्याला टेकून थांबायचा, की लगेच दुसरा दांडा त्याला माघारी धाडायचा. इतक्या वेगानं की धोटा दिसायचाच नाही. नुसती एक पिवळसर रेघ दिसायची. छोटी सौंदर्या त्या रेघेकडं तासन्‌तास बघत उभी राहायची.

एका दुपारी ती अशीच बघत असताना उभ्या सुतात एक तार तुटून गुंतली. धोटा त्या गुंत्यावर आपटला, वाट सोडून उडाला आणि थेट तिच्या डाव्या भुवईवर येऊन आदळला.

तिला दुखल्याचं आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच की ती रेघ एकदम ठिपका झाली. लांबचलांब पिवळी रेघ होती, ती क्षणात गोल ठिपका झाली आणि ठिपका मोठा झाला. मग अप्पांच्या बनियनला लागलेलं रक्त, अव्वाचा, म्हणजे आईचा, कन्नडमधून चाललेला आरडाओरडा, इचलकरंजीच्या डॉक्टरांकडचा स्पिरिटचा वास. डोळा वाचला. भुवईत एक पांढरी खाच राहिली.

आणि आणखी एक गोष्ट राहिली, जी कुणाला दिसत नव्हती. त्या दिवसापासून समोरून काहीही आलं की सौंदर्याचे डोळे गच्च मिटायचे आणि मान मागं जायची. चेंडू असो, पतंग असो, कुणी लांबून फेकलेली किल्ली असो. लग्नात अक्षता पडायला लागल्या तेव्हाही तिनं डोळे मिटले. लग्नाच्या सगळ्या फोटोंत वीरेश ऐटीत कॅमेऱ्याकडं बघतोय आणि नवरी डोळे मिटून उभी. "ध्यान लावून लगीन केलंय हिनं," अशी सासरी चेष्टा झाली. स्कूटर तिनं कधी शिकली नाही. समोरून येणारी गाडी दिसली की तिचे डोळे मिटणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अकरावीत इचलकरंजीच्या कॉलेजात एका सरांनी फळ्यावर मोमेंटमचा धडा सुरू केला. वस्तू किती जड आहे आणि किती वेगात आहे, दोन्हींचा गुणाकार म्हणजे तिचा संवेग. हलकी वस्तूही जोरात आली की तिच्याजवळ भरपूर संवेग असतो. तो थांबवायचा तर बळ लावावं लागतं. सावकाश थांबवला तर थोडं बळ पुरतं, क्षणात थांबवायचा तर ढीगभर लागतं. वीटभट्टीवरची माणसं वीट झेलताना हात मागं नेतात, ते याचसाठी.

शेवटच्या बाकावर सौंदर्यानं भुवईवर बोट ठेवलं. पेटीत धोट्याला सावकाश थांबवायला चामड्याचा पट्टा असतो. तिच्या कपाळावर तसलं काही नव्हतं. इतकी वर्षं जे नुसतंच घडलं होतं, त्याला आता कारण मिळालं, आणि कारण मिळाल्यावर का कोण जाणे, तिला फार बरं वाटलं. धोट्याचा तिच्यावर काही राग नव्हता. तो त्याच्या जवळचा संवेग घेऊन चालला होता, एवढंच. त्या दिवसापासून ती फिजिक्सच्या नादी लागली ती लागलीच. एमएस्सी झाली, मास्तरीण झाली. गणितं तिला गाण्यासारखी यायची. पण डोळे मात्र मिटतच राहिले. डोक्याला कळलेलं मानेपर्यंत काही पोचलं नव्हतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ती कबनूरला गेली तेव्हा शेडला कुलूप होतं. गावात नवे माग आले होते, ज्यांना धोटाच लागत नाही. अप्पांचं वय झालं होतं आणि कानही गेले होते. मागांच्या आवाजात सगळा जन्म गेलेला, त्यामुळं ते आता शांततेतही ओरडूनच बोलत. माग भंगारात जाणार होते आणि अप्पांना त्याचं विशेष दुःख दिसत नव्हतं.

"लई पळालं ते," ते म्हणाले. "आता बसूं दे की त्येंला पण."

शेडच्या कोपऱ्यात, उभं सूत गुंडाळलेल्या बीमाच्या मागं लटकवायची वजनं रचून ठेवली होती. सुताला ताण राहावा म्हणून लावतात ती ओतीव लोखंडाची गोल, जाडजूड वजनं. तेलानं आणि हातांनी काळी कुळकुळीत झालेली. सौंदर्या त्यांच्यापाशी उकिडवी बसली.

"अप्पा, यातलं एक मी नेऊ?"

"आँ?"

"एक नेऊ का म्हणते, कॉलेजला!"

"न्हे की. पण कशाला ग तुला? लोणच्यावर ठेवतीस व्हय?"

"पोरांना दाखवायला. टांगायचंय."

अप्पांनी सगळी वजनं एकेक करून उचलून पाहिली, एक निवडलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि पोरीला नवं लुगडं द्यावं तसं तिच्या हातात दिलं. ते इतकं जड होतं की ती वाकली. रत्नव्वानं ते जुन्या चादरीत गुंडाळून दिलं. कॉलेज उघडलं त्या दिवशी एसटीत कंडक्टरनं पिशवी पायानं सरकवायला बघितली, ती हलेना. "मॅडम, देव न्हेताय का काय कुठला?" त्यानं विचारलं. सौंदर्या हसली. मग मलकापूरपर्यंत ती पिशवी तिच्या पायापाशी बसून राहिली. गाडीनं ब्रेक मारला की सगळे प्रवासी पुढं झुकायचे, पिशवीही थोडी पुढं सरकायची आणि पुन्हा गप्प व्हायची.

कॉलेजची प्रयोगशाळा म्हणजे एक उंच कौलारू खोली. वर लोखंडी गर्डर. सुट्टी संपल्यावर सौंदर्यानं गर्डरला हूक बसवून घेतला आणि मजबूत तारेवर ते वजन टांगलं. खोलीच्या मधोमध ते हळूच फिरत लटकू लागलं. पोरं भोवती गोळा झाली.

"मॅडम, ह्यो तर पैलवान हाय," कुणीतरी म्हणालं, आणि वजनाचं नाव पैलवान पडलं.

प्रयोग जुनाच होता. वजन एका बाजूला ओढून न्यायचं, समोर ठेवलेल्या वस्तूला अगदी टेकवायचं आणि सोडायचं. ते खोलीपलीकडं झोका घेईल आणि परत येईल. पण जिथून सुटलं त्या उंचीच्या वर येणार नाही. जितकी ऊर्जा घेऊन निघालं तितकीच, किंवा हवेनं थोडी खाल्ली तर जराशी कमीच, घेऊन परतणार. म्हणून ते त्या वस्तूला धक्का लावणार नाही. सौंदर्यानं एका उंच स्टुलावर मातीचं मडकं ठेवलं.

"कोण सोडतंय?"

"मी सोडतो मॅडम!" तेजस्वी उठलीच. ती शाहूवाडी भागातल्या एका वाडीवरची. घरी म्हशी, तालुक्याच्या कबड्डी संघात खेळणारी. दंड असे की पोरंही तिच्या वाटेला जात नसत. तिनं पैलवानाला दोन्ही हातांनी उचलून मडक्याच्या काठाला टेकवलं.

"नुसतं सोडायचं हं. ढकलायचं नाही."

"व्हय मॅडम."

पण सगळा वर्ग बघतोय म्हटल्यावर तेजस्वीच्या हातात कबड्डी आली. सुटता सुटता तिनं एक ढोसणी दिली. बारीकशीच. पैलवान खाली गेला, पलीकडं उंच चढला, क्षणभर थबकला आणि परत निघाला. सौंदर्या मडक्याच्या बाजूलाच उभी होती. समोरून ते काळं गोल येताना तिला दिसलं, आणि मडकं फुटल्याचा आवाज तिनं मिटल्या डोळ्यांनीच ऐकला. डोळे उघडले तेव्हा ती भिंतीला टेकली होती, हात तोंडावर होते आणि खापऱ्या तिच्या पायाशी पडल्या होत्या.

सगळा वर्ग तिच्याकडं बघत होता.

"मी न्हाय ढकललं मॅडम," तेजस्वी म्हणाली. मग लगेच तिचा आवाज पडला. "थोडंसं ढकललं."

सौंदर्यानं झोके घेणाऱ्या वजनाला बाजूनं हात लावून सावकाश थांबवलं. शिकवणं तिला सोडवेना. "बघा," ती म्हणाली, "ढकलणं म्हणजे कार्य. हातानं बळ लावलं आणि वजन त्या बळाच्या दिशेनं जरा जरी सरकलं, की तेवढी ऊर्जा त्याच्या पदरात पडली. ती घेऊन ते गेलं आणि ती घेऊनच परत आलं. पैलवानानं लबाडी केली नाही. दिलं तेवढंच त्यानं परत आणलं."

"पण मॅडम, तुम्ही घाबरला," यशराज नावाचा पोरगा पहिल्या बाकावरून म्हणाला. उद्धटपणानं नव्हे, काळजीनं. "तुम्हांला तर सगळं म्हाईत हाय. मग का?"

सौंदर्यानं भुवईवरची खाच चाचपली. "माहीत आहे," ती म्हणाली, "पण मी ते अजून बघितलेलं नाही."

हे वाक्य आपल्या तोंडून कसं निघालं याचा विचार ती परतीच्या एसटीत करत बसली. खरंच होतं ते. पैलवान परत येतो, थांबतो आणि जातो हे तिनं हजार वेळा फळ्यावर काढलं होतं. पण समोरून येणारी गोष्ट शेवटपर्यंत येताना तिनं लहानपणापासून एकदाही पाहिली नव्हती. तिच्या जगात प्रत्येक येणारी वस्तू अर्ध्या वाटेवर काळोखात नाहीशी व्हायची.

त्या संध्याकाळी तिनं आईला फोन केला. मडक्याची गोष्ट सांगितली. रत्नव्वा पोट धरून हसली.

"अव्वा, तो धोटा उडाला तेव्हा तू कुठं होतीस ग?"

"तिथंच की. कांड्या भराय लागल्तो." रत्नव्वानं सुस्कारा टाकला. "तू लई दिवस इचारायचीस, धोटा माझ्याकडंच का आला म्हणून. अगं, तो तुझ्याकडं न्हवता आला. त्येला जायाचं हुतं तिकडं चाल्लेला. तू मधी हुतीस, मगळे, एवढंच."

मगळे म्हणजे पोरी. लहानपणीची हाक. सौंदर्या फोन ठेवून गॅलरीत उभी राहिली. आई म्हणाली तेच तर ती दरवर्षी पोरांना लिहून देत होती. तरी आज ते कानात गेल्यावर छातीत काहीतरी सैल झालं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत, पोरं डबे खायला पांगली की ती एकटी प्रयोगशाळेत जाऊन दार लोटून घ्यायची. भिंतीला पाठ आणि डोकं टेकवायचं, म्हणजे मागं पळायला जागाच नको. पैलवानाला ओढून आणायचं, हनुवटीला टेकवायचं. लोखंड थंड असायचं, त्याला अजून कबनूरच्या तेलाचा वास यायचा. मग बोटं उघडायची.

पहिल्या दिवशी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशीही. वारा हनुवटीला लागून परत जायचा, तेवढंच कळायचं. मग एके दिवशी पैलवान मधल्या खिडकीपर्यंत येईतो ती बघू शकली. पुढच्या खेपेला आणखी थोडं. जणू काळोखाची हद्द ती रोज वीतभर मागं सारत होती.

पहाटे पहाटे तिला एक स्वप्न पडू लागलं. उसाच्या फडावर दाट धुकं पसरलंय आणि त्या धुक्यावरून एक काळा गोल चंद्र ये-जा करतोय. येतो, जातो. आवाज नाही. फडातल्या बायका मान वर करून बघतात आणि पुन्हा कापायला लागतात. कुणालाच त्याचं नवल नाही. स्वप्नात सौंदर्या बांधावर उभी असायची आणि तो जवळ येण्याआधीच जाग यायची. उशाशी पंखा खडखडत असायचा. मग वीरेश झोपेतच विचारायचा, "काय झालं ग?" आणि ती म्हणायची, "काही नाही. अजून यायचाय तो."

"येऊ दे," वीरेश म्हणायचा आणि कूस बदलायचा.

जानेवारीतली एक दुपार होती. कौलांच्या फटीतून उन्हाच्या काठ्या खाली उतरल्या होत्या, त्यांत खडूची धूळ तरंगत होती. सौंदर्यानं डोकं भिंतीला टेकवलं, पैलवानाला सोडलं. तो खाली गेला. उन्हाच्या एकेका काठीतून जाताना चमकला, विझला, चमकला. पलीकडं चढला, थबकला, वळला. आता तो येणार. मान ताठरली. पापण्या थरथरल्या. पण त्या दिवशी ती एवढी तंद्रीत होती, की घाबरायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. ती त्या उन्हातल्या धुळीकडं बघत राहिली, आणि धुळीतून पैलवान येताना दिसला.

तळाशी तो सुसाट होता. तिथं त्याच्याकडं सगळा वेग होता. मग तो चढू लागला, आणि चढता चढता मंद होऊ लागला. हे तिला माहीत होतं. पण तो इतका मंद होईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. जसजसा तो तिच्याजवळ आला तसतसा जणू विचार करत आला. वेगाचा एकेक पदर उतरवून उंचीच्या खुंटीला अडकवत आला. ठिपका मोठा झाला, आणखी मोठा झाला, पण सावकाश, इतका सावकाश, की त्याच्यावरचे ओतकामाचे बारीक खड्डे तिला दिसले, अप्पांच्या धोतरानं पुसूनही राहिलेला तेलाचा डाग दिसला. आणि हनुवटीपासून बोटभर अंतरावर तो थांबला. अगदी थांबला. त्या क्षणी त्याच्याजवळ वेग नव्हता, संवेग नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं. तो नुसता तिच्यासमोर होता.

मग तो गेला.

सौंदर्या तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. तिला रडू येत होतं की हसू, कळेना. आपण आयुष्यभर जिथं डोळे मिटत आलो, तिथं तो सगळ्यांत शांत असतो, हे तिला एकदम दिसलं होतं. धोटा तसा नव्हता, धोट्याला थांबायला कुणी चढण दिली नव्हती. पण येणारी प्रत्येक गोष्ट धोटा नसते. पैलवान तिच्या डोक्यावरून ये-जा करत राहिला आणि ती खाली बसून त्याच्याकडं वर बघत राहिली. घंटा झाली तरी उठली नाही.

पुढच्या तासाला तिनं वर्गाला प्रयोगशाळेत आणलं. स्टूल नाही, मडकं नाही. ती स्वतः भिंतीशी जाऊन उभी राहिली.

"तेजस्वी, ये. तू सोडणार आहेस."

तेजस्वी जागची हलेना. मडकं फुटल्यापासून तिनं पैलवानाला बोटही लावलं नव्हतं. "मी नको मॅडम. दुसऱ्या कुणालाबी सांगा."

"का?"

"माझ्या हाताचा भरवसा न्हाय."

"मला आहे."

"मडकं हुतं ते. तुम्ही मडकं न्हाय की!" तेजस्वीच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्गात कुणी हसलं नाही.

सौंदर्या तिच्याजवळ गेली. तिचे दोन्ही हात हातात घेतले. राठ, धारा काढून घट्ट झालेले हात. "घरी म्हशीखाली रेडकू सोडतेस ना?"

"व्हय. रोज."

"ढकलतेस त्याला?"

"ढकलायचं कशाला? दावं सोडलं की जातंय की त्येचं त्ये."

"मग तसंच."

तेजस्वीनं नाक पुसलं. पैलवानाला उचलून मॅडमच्या हनुवटीला टेकवलं. तिचा श्वास सौंदर्याला ऐकू येत होता. खोलीत इतकी शांतता होती की बाहेर रस्त्यावरून उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली गेली ती सगळ्यांच्या पोटात थरथरली. तेजस्वी काहीतरी पुटपुटली, बहुधा देवाचं नाव. आणि तिनं बोटं उघडली. अशी उघडली, जसं एखादं पाखरू सोडावं.

पैलवान गेला. परत आला. सौंदर्याचे डोळे उघडे होते. तो बोटभर अंतरावर येऊन थांबला, तिनं त्याला पाहिलं, आणि तो माघारी गेला.

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. तेजस्वी मात्र टाळी न वाजवता आपल्या हातांकडं बघत होती. हात उलटेसुलटे करून बघत होती, जणू ते आत्ताच कुणी आणून दिलेत.

मग रांगच लागली. यशराज उभा राहिला आणि अर्ध्यातच खाली बसला, पैलवान त्याच्या डोक्यावरून गेला. पोरी हसून हसून दमल्या. त्याला सौंदर्या म्हणाली, "डोकं टेकव भिंतीला. मिटले डोळे तर मिटू देत. उद्या परत उभा राहा." एकीनं दोन्ही हातांनी ओढणी घट्ट धरली आणि शेवटपर्यंत बघितलं. "थांबतंय की ते! खरंच थांबतंय!" ती ओरडली, आणि ज्यांची पाळी झाली होती ती पोरं अशी मान डोलवू लागली, जणू एखाद्या गावाला जाऊन आलेत आणि बाकीच्यांनी ते गाव अजून बघितलेलं नाही. तेजस्वी सगळ्यांत शेवटी उभी राहिली. तिच्यासाठी पैलवान सौंदर्यानं सोडला.

तास संपला. पुढचा तास नव्हता, एसटीलाही वेळ होता. पोरं निघायला लागली तेव्हा पैलवान अजून झोके घेत होता.

"मॅडम, धरून थांबवू का त्येला?" तेजस्वीनं विचारलं.

"नको. थांबू दे त्याचं तो."

मग कुणीच गेलं नाही. पोरं बाकांवर, खिडकीच्या कट्ट्यावर, जमिनीवर जागा मिळेल तिथं बसली आणि बघत राहिली. झोका जराजरानं लहान होत होता, पण एका झोक्यातून दुसऱ्या झोक्यात काही फरक दिसत नव्हता. नजर दुसरीकडं वळवून परत आणली तरच कळायचं. हवा त्याच्याकडून थोडं थोडं घेत होती. वरचा हूक थोडं घेत होता, तो बारीक किर्र किर्र करत होता. उन्हाच्या काठ्या तिरक्या होत भिंतीवर चढल्या. एका पोरीला बसल्या जागी डुलकी लागली, तिचं डोकं तेजस्वीच्या खांद्यावर आलं, तेजस्वीनं ते तसंच राहू दिलं.

शेवटी शिपाईमामा चावीचा जुडगा घेऊन दारात आले. "मॅडम, कुलूप लावायचं न्हवं?"

पोरं पाय झटकत उठली, दप्तरं उचलून एकेक बाहेर पडली. सौंदर्यानं खिडक्या लावल्या. पैलवान आता वीतभरच हलत होता, डावीकडं, उजवीकडं, आपल्याच नादात.

"आणि ह्यो?" मामांनी विचारलं.

"राहू दे त्याला."

मामांनी खांदे उडवले आणि दार ओढून घेतलं. कुलपात चावी फिरली.